अकरा टाइल्सचा प्रश्न

जुन्या बाथरूमच्या भिंतीतला पाइप गळायला लागला की तो बदलणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम त्याच्या पुढचं. प्लंबर पैसे घेऊन निघून जातो, पाणी थांबतं, आणि वर्षानुवर्षं एकसंध दिसलेल्या भिंतीच्या मधोमध विटा उघड्या पडलेल्या असतात. आता तिथे काय लावायचं? मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेते. या प्रश्नावर माणसं जितकी अडून बसतात तितकी स्वयंपाकघराच्या ओट्यावरूनही बसत नाहीत.

काकांच्या घरी हाच प्रश्न आला. ठाण्यात नौपाड्यात १९७४ सालची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाथरूमला खालपासून सात फुटांपर्यंत सहा इंची पांढऱ्या ग्लेझ्ड टाइल्स, जमिनीला शहाबादी. भिंतीतला जीआय पाइप आतून गंजून सडला आणि खालच्यांच्या छताला ओल आली. प्लंबरने नळापासून शॉवरपर्यंत दोन टाइल्स रुंद आणि आठ टाइल्स उंच असा पट्टा फोडला. सोळातल्या पाच अखंड निघाल्या, अकरा फुटल्या.

काकांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये अख्खी नोकरी केली. त्यांचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच: भिंत अशी झाली पाहिजे की कुठे फोडली होती हे कुणाला बोट दाखवून सांगता येऊ नये. माझं म्हणणं वेगळं होतं. तुकडा दिसला तरी चालेल, तो नीट बसलेला दिसला पाहिजे. आमचं जे बोलणं झालं ते इथे देते आहे, कारण त्यातलं बरंचसं कुठल्याही जुन्या बाथरूमला लागू पडेल.

काका: पांढरी टाइल ती पांढरी टाइल. सहा बाय सहा. दुकानात जायचं, अकरा आणायच्या आणि लावायच्या. नमुना तर मी आणलाच आहे, बघ, अगदी तोच रंग.

मी: काका, हातात धरून बघू नका. भिंतीवर, जुन्या टाइलला चिकटून, उभा धरा. आणि मागचा ट्यूबलाइट लावा.

रंग जुळवताना बहुतेक लोक इथेच फसतात. हातात आडव्या धरलेल्या टाइलवर छताचा उजेड पडतो, भिंतीवरच्या टाइलवर समोरून आणि खिडकीतून. तोच तुकडा दोन जागी दोन रंगांचा दिसतो. काकांनी नमुना भिंतीला लावला तेव्हा नवी टाइल चक्क निळसर दिसायला लागली आणि जुनी पिवळट.

काका: पन्नास वर्षांत रंग उतरला असणार जुन्याचा.

मी: ग्लेझचा रंग उतरत नाही. ती काचच आहे, हजार अंशांच्या वर भट्टीत वितळून टाइलवर बसलेली. घासणीच्या पावडरीने आणि ऍसिडने तिची चमक जाते, आणि बोअरच्या पाण्याचा क्षार तिच्यावर चढतो. आपण आत्ता जे बघतोय त्यातला किती रंग टाइलचा आणि किती क्षाराचा, ते आधी ठरवू.

एका कोपऱ्यातली टाइल आम्ही धुतली. आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घेतले, म्हणजे ते आंबट पाणी शोषत नाहीत. मग पातळ केलेलं व्हिनेगर, मऊ ब्रश, आणि लगेच भरपूर पाणी. बाजारातलं बाथरूमचं ऍसिड मी कधी वापरू देत नाही. ते क्षार काढतं खरं, पण त्याबरोबर सांध्यातलं सिमेंटही खातं, आणि मग पाणी टाइलच्या मागे शिरायला मोकळं होतं. धुतल्यावर पिवळेपणा निम्म्याहून कमी झाला. उरलेला दोन गोष्टींचा होता. एक तर जुन्या ग्लेझला केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या असतात. टाइलचं मातीचं अंग वर्षानुवर्षं ओल पिऊन किंचित फुगतं, वरची काच फुगत नाही, म्हणून ती तडकते, आणि त्या रेषांत मळ बसतो. दुसरं म्हणजे तो पांढरा रंग मुळातच वेगळा होता.

काका: मागे जॉन्सनचा ठसा आहे. त्यांचा कारखाना आपल्या ठाण्यातच होता. त्यांचीच घेऊ की.

मी: एच अँड आर जॉन्सन १९५८ पासून भारतात आहे, नाव टिकून आहे. पण कंपनी कुठलीही असो, पन्नास वर्षांपूर्वीची माती, ग्लेझ आणि भट्टी आज कुणाकडेच नाही. आज देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातेत मोरबीला बनतात, आणि तिथेही एकाच डिझाइनच्या दोन बॅचेस एकमेकींना जुळत नाहीत. खोक्यावर शेड नंबर आणि बॅच नंबर छापलेला असतो तो त्यासाठीच. नव्या घराला टाइल्स घेतानासुद्धा सगळी खोकी एका बॅचची घ्यावी लागतात, आणि तुम्ही १९७४ ची बॅच मागताय.

काका गप्प बसले, पण पटलं म्हणून नाही. ते आत गेले आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले. खरा मुद्दा मग त्यांनीच उकरून काढला.

काका: अगं, जुनी १५२ मिलिमीटर भरते आहे. नवी १५०. मग हिला सहा इंची का म्हणतात?

मी: दुकानात म्हणतात. मापांचा मेट्रिक कायदा १९५६ चा, पण बोलीत इंच राहिले. जुनी टाइल खऱ्या सहा इंचांच्या जवळ होती. आता कारखान्यात १५० मिलिमीटरची करतात आणि आपण तिला सहा इंची म्हणतो. आठ बाय बारा म्हणजे २०० बाय ३००, बारा बाय अठरा म्हणजे ३०० बाय ४५०. सगळ्याच मापांचं तसं आहे.

काका: म्हणजे एकीवर एक लावत गेलं तर आठव्या ओळीला १६ मिलिमीटरचा फरक. शेजारच्या जुन्या ओळीपेक्षा दीड सेंटिमीटरहून खाली!

मी: रंगापेक्षा मला याचीच काळजी जास्त होती.

हे जरा थांबून सांगण्यासारखं आहे, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. टाइल लावलेल्या भिंतीकडे आपण बघतो तेव्हा डोळा पांढरा रंग मोजत नाही, तो रेषा वाचतो. आडव्या रेषा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ गेल्या तर रंगातला थोडा फरक माणूस उजेडाच्या खात्यात टाकतो आणि विसरतो. पण रेषा मध्येच खाली सरकली, तुटली, परत वर गेली, तर रंग तंतोतंत जुळलेला असूनही ते ठिगळ दारातून दिसतं. मी पाहिलेली वाईट दिसणारी ठिगळं बहुतेक रेषेमुळे वाईट दिसत होती. तरी दुकानात लोक रंगच जुळवत उभे राहतात आणि मोजपट्टी घरी विसरतात.

काका: मग मोठी टाइल घेऊ आणि १५२ ला कापू.

मी: बघा हिशेब करून.

त्यांनी केला. बारा बाय बाराची खरी बाजू ३०० मिलिमीटर. दोन तुकड्यांना ३०४ लागतात, वर कटरच्या पात्याची जाडी. चार मिलिमीटरने हुकतं. ४५० मध्ये तीन बसवायचे तर ४५६ लागतात, तेही हुकतं. बारा बाय चोवीसमधून कसेबसे तीन तुकडे निघतात आणि निम्म्याहून जास्त टाइल वाया जाते. शिवाय कापलेल्या कडेला ग्लेझ नसतो. कारखान्यातून येणाऱ्या टाइलची कड किंचित गोलाकार असते, काच तिच्यावरून वळून खाली उतरलेली असते. कापलेली कड धारदार राहते, आतली माती दिसते. ती दगडाने घासून मारावी लागते, आणि मारली तरी शेजारच्या गोल कडेजवळ ती वेगळी कळतेच.

काका: तू मला सगळीकडून बंद करते आहेस.

मी: नाही. तुमच्या धंद्यातलंच सांगते. माप सोडा, पिच धरा. जुन्या टाइलची सुरुवात ते पुढच्या टाइलची सुरुवात, एवढंच अंतर सांभाळायचं. जुन्या टाइल्स जवळजवळ चिकटवून लावल्या आहेत, सांधा धरून पिच साधारण १५३. नवी १५० ची टाइल त्या १५३ च्या घराच्या बरोबर मध्ये बसवली की दोन नव्या टाइल्समध्ये तीन मिलिमीटरचा सांधा मिळतो. सांधा रुंद होईल, पण रेषा सरळ जाईल. गवंड्याने डावीकडच्या जुन्या सांध्यापासून उजवीकडच्या जुन्या सांध्यापर्यंत दोरी ताणायची आणि दोरीवरच काम करायचं.

पिच म्हटल्यावर काकांचा चेहरा खुलला. त्यांनी वहीत आकृती काढली. हट्ट मात्र सोडला नाही.

काका: हे रेषेचं झालं. रंगाचं काय? माझ्या आईच्या पैठणीला कसर लागली होती, तेव्हा आम्ही रफूगराकडे गेलो होतो. त्याने पदरातलेच धागे काढून भोक भरलं. भोक कुठे होतं ते आज मलाही सापडत नाही. काम करायचं तर असं. करणाऱ्याचा हात दिसता कामा नये.

मी: मला यातच वेगळं वाटतं. १९६४ साली व्हेनिसला जुन्या वास्तूंचं काम करणाऱ्यांनी एक सनद केली. जगभर संवर्धनाचं काम करणारे आजही तिचा आधार घेतात. तिच्या बाराव्या कलमात असं आहे की नाहीशा झालेल्या भागाच्या जागी जे नवं बसवाल ते एकूण वास्तूशी मिळतंजुळतं हवं, पण मूळ भागापासून वेगळं ओळखूही आलं पाहिजे.

काका: आपलं न्हाणीघर म्हणजे रायगड नाही.

मी: नाहीच. पण या घरात काय कधी बदललं हे पुढच्या माणसाला कळलं तर त्याचं नुकसान नाही. उलट त्याला कळेल की नवा पाइप या पट्ट्याच्या मागे आहे आणि खिळा इथे ठोकायचा नाही.

काका: ते कागदावर लिहून ठेवता येतं. त्यासाठी भिंत कशाला विद्रूप करायची? वेगळं दिसणं आणि वाईट दिसणं यातलं अंतर ठरवणार कोण? उद्या कुणीही गवंडी गबाळं काम करेल आणि म्हणेल, मी मुद्दाम दिसू दिलंय.

हा मुद्दा बिनतोड होता, आणि मी तो अजून मनात ठेवून आहे. दिसलं तरी चालेल असं म्हटलं की कारागिराचा हात सैल पडतो, हे मी पाहिलं आहे. म्हणून माझ्या कामात मी आता वेगळेपण कुठे येणार ते आधीच कागदावर आखून देते. ते आपोआप जिथे येईल तिथे येऊ देत नाही.

नक्षीच्या टाइल्सचं मात्र याहून कठीण आहे. दादरला आमच्या एका नातेवाइकांकडे १९८० च्या दशकातल्या आकाशी फुलांच्या टाइल्स आहेत. ती फुलं स्क्रीनने छापायचे, आता इंकजेटने छापतात, आणि डिझाइनं चटकन बंद होतात. तिथे जुळवायला गेलं की बहिणीसारखं दिसणारं पण वेगळंच फूल मिळतं, आणि भिंतीवर ते सगळ्यात जास्त टोचतं. अशा ठिकाणी फुलाच्या पार्श्वभूमीचा साधा रंग घ्यावा, फूल सोडून द्यावं. एखादा सिरॅमिक स्टुडिओ दहा-पंधरा टाइल्सवर चित्र उतरवून भाजून देऊ शकतो, पण ते महाग काम आहे. आणि टाइलवर चिकटवायचे स्टिकर किंवा टाइलचा रंग शॉवरखाली टिकत नाही, कडेने सुटतो.

काकांच्या घरी यानंतर मिस्त्री आले, आणि तिसरं मत आलं.

मिस्त्रींचं म्हणणं, सगळंच काढू. नव्या बारा बाय चोवीस लावू, खालची फरशीही बदलू, एकदाच काय ते होऊन जाईल. असं सगळेच मिस्त्री म्हणतात, आणि त्यात त्यांची लबाडी नसते. चौरस फुटाच्या दराने काम घेणाऱ्याला अकरा टाइल्सचं काम परवडत नाही. जुन्या ओळीला ओळ लावायला जेवढा दिवस जातो तेवढ्यात त्याची अर्धी नवी भिंत होते. म्हणून ठिगळाचं काम कधी चौरस फुटावर देऊ नये, हजेरीवर द्यावं. दिवसाची पूर्ण हजेरी मिळणार असेल तर तोच माणूस दोरी लावून, पाणी मारून, शांतपणे काम करतो.

काका: मिस्त्री म्हणतायत त्यात तथ्य आहे का? सगळं काढलं तर जुळवायचा प्रश्नच उरत नाही.

मी: सगळं काढायची वेळ आली आहे का ते भिंतीलाच विचारू.

नाण्याने टाइल वाजवायची. चिकटलेली टाइल टणक वाजते, सुटलेली बद्द वाजते. आम्ही चारी भिंती वाजवल्या आणि बद्द टाइल्सवर खडूने फुली मारली. नळाच्या आसपास चार-पाच निघाल्या, बाकी भिंती घट्ट. मग नहाणी ट्रॅपला फडका घट्ट कोंबून फरशीवर पाणी भरलं आणि एक दिवस तसंच ठेवलं. खालच्यांच्या छताला नवी ओल आली नाही. म्हणजे फरशीखालचा विटांचा कोबा अजून पाणी धरतो आहे. गळती पाइपाचीच होती आणि पाइप बदलून झाला होता.

मी: या कोब्यामुळे मला सगळं काढायचं नाही. पन्नास वर्षं पाणी धरून बसलेली ती गोष्ट आहे. फरशी काढताना तिच्यावर हातोडे बसणार, मग वॉटरप्रूफिंग नव्याने करणं आलंच, आणि ते पहिल्यासारखं होईल याची हमी कुणी देत नाही. खालचे लोक आपल्यावर नाराज आहेतच. शिवाय या भिंती चार इंची आहेत. इकडून हातोडा मारला की पलीकडच्या संडासातल्या टाइल्स सुटतात.

काका: वजन काढलंय का कुणी?

ते त्यांनीच काढलं. बाथरूम पाच बाय सात, सात फूट उंचीपर्यंत टाइल, दार-खिडकी वजा जाता दीडशे चौरस फूट. टाइल आणि मागचा मसाला धरून इंचभर जाडी, म्हणजे साडेबारा घनफूट. सातशे किलोच्या आसपास राडारोडा, तोही फक्त भिंतींचा, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून गोणींनी खाली उतरवायचा, आणि तेवढंच नवं वजन वर चढवायचं. मिस्त्रींनी ते आकडे पाहिले आणि मग तेही हजेरीच्या कामाला तयार झाले.

तरी इथे एक सांगायला हवं. निम्म्या टाइल्स बद्द वाजल्या असत्या, किंवा पाणी भरल्यावर खाली ओल आली असती, तर मी सगळं काढायलाच सांगितलं असतं. आतून कुजलेल्या भिंतीवर अकरा टाइल्स जुळवत बसणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

काका: ठीक. मग माझं परत तेच. जुन्या टाइल्स मिळवू. मागच्या गल्लीतली इमारत पुनर्विकासाला गेली आहे, आपल्याच काळातली आहे. पाडायच्या आधी बिल्डरला विचारतो.

ही कल्पना चांगली आहे, आणि ठाणे, मुंबई, पुणे इथे आज तिच्याइतकी सोपी वाट दुसरी नाही. त्याच काळातल्या इमारती रोज पडतायत, त्याच मापाच्या पांढऱ्या टाइल्स त्यांच्या भिंतींवर आहेत. परवानगी घेतली आणि पाडकाम करणाऱ्याच्या हातावर काही ठेवलं की मिळतात. अडचण काढण्याची. पाठीला जुना मसाला घट्ट बसलेला असतो, तो पाण्यात भिजवून छन्नीने हळूहळू सोडवावा लागतो, आणि त्यात बऱ्याच फुटतात. दुसरी अडचण अशी की त्या घराच्या भेगा आणि डाग त्या टाइल्सबरोबर येतात. माप आणि काळ जुळतो, चेहरा जुळेलच असं नाही.

मी: त्यापेक्षा जवळ टाइल्स आहेत. याच बाथरूममध्ये.

काका: कुठे?

मी: आरशाच्या मागे, दाराच्या पाठीमागे, बेसिनखाली, वॉशिंग मशीनच्या मागे. जिथे नजर जात नाही तिथून जुन्या काढायच्या, डोळ्यासमोरच्या पट्ट्यात लावायच्या, आणि नव्या त्या लपलेल्या जागी. तुमच्या रफूगराने हेच केलं, पदरातला धागा काढला.

काका: पण घट्ट बसलेली टाइल काढायला गेलीस तर फुटणार. चांगल्या दोन फोडून एक हाती येईल. वाजवून बघितल्यास ना? तिथल्या टणटणीत वाजल्या सगळ्या.

त्यांचं बरोबर होतं. चारी बाजूंनी जखडलेली टाइल अखंड काढणं फार कठीण. छन्नी मागे शिरायला जागाच नसते. म्हणून मी सगळ्यात वरची ओळ दाखवली. सात फुटांवर टाइल्स संपतात आणि वर साधं प्लास्टर आहे. त्या ओळीची वरची कड मोकळी आहे. प्लास्टर दोन बोटं खरवडलं की टाइलच्या पाठीमागे वरून पातळ छन्नी घालता येते. आधी हॅकसॉच्या पात्याने बाजूचे आणि खालचे सांधे कापून घ्यायचे, म्हणजे धक्का शेजारणीला जात नाही. पाणी सगळ्यात कमी उडतं ते तिथेच, म्हणून त्या टाइल्सवर क्षारही कमी.

काका: आणि त्या ओळीच्या जागी?

मी: नवी टाइल, सबंध चारी बाजूंनी. दारावरची जागा सोडली तर एकवीस फूट, म्हणजे बेचाळीस टाइल्स. दोन तृतीयांश अखंड निघाल्या तरी अठ्ठावीस हातात. अकरा पट्ट्यात लागतील, बद्द वाजणाऱ्या चार-पाच बदलता येतील, बाकी माळ्यावर. खालची भिंत तुम्हाला हवी तशी, सगळी १९७४ ची. आणि वरची ओळ मला हवी तशी, उघडपणे नवी. गडद राखाडी किंवा निळी घेऊ, म्हणजे ती बॉर्डर म्हणून दिसेल. वेगळा रंग म्हटल्यावर पांढऱ्याला पांढरं जुळवायचा प्रश्नच येत नाही.

काका: वरच्या ओळीला मापाचाही त्रास नाही. एकच ओळ आहे, उंचीचा फरक प्लास्टरमध्ये जाईल. उभे सांधे मात्र खालच्या सांध्यांवर आले पाहिजेत, पिच १५३.

मी: आलेच पाहिजेत.

काका: पण एका भिंतीची ओळ पुरे. सगळीकडे कशाला फोडाफोडी? एका भिंतीच्या चौदा टाइल्समधून अकरा निघाल्या की झालं.

मी: चौदातून अकरा निघणार नाहीत. आणि बॉर्डर एकाच भिंतीला केली तर तिथे काहीतरी झालं होतं हे ओरडून सांगेल.

यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि अजून एकमत नाही. सांध्यांबद्दल मात्र झालं. पट्ट्यात पांढरंशुभ्र सिमेंट भरलं आणि शेजारचे जुने सांधे करडे राहिले, तर टाइल्स जुन्याच असूनही पट्टा उठून दिसणार. म्हणून त्या भिंतीचे सगळे सांधे पात्याच्या टोकाने खरवडून एकाच रंगाने भरायचे. व्हाइट सिमेंटमध्ये चिमूटभर साधं सिमेंट घातलं की जुन्या सांध्याचा रंग येतो. किती घालायचं ते फुटक्या टाइलवर लावून, पूर्ण वाळवून ठरवायचं, कारण ओलं सिमेंट गडद दिसतं. मिस्त्रींना एवढं सांगून ठेवलं की भिंतीवरच्या जुन्या टाइल्स लावण्यापूर्वी पाण्यात भिजत घालायच्या. मातीचं अंग कोरडं असेल तर मसाल्यातलं पाणी ओढून घेतं आणि पकड येत नाही. बॉर्डरची नवी टाइल व्हिट्रिफाइड निघाली तर ती भिजवायची नाही, ती पाणी पीतच नाही. तिला साध्या सिमेंटची पकड मिळत नाही, ऍडहेसिव्ह लागतं. आणि कुठल्याही टाइलच्या मागे पाच ठिकाणी मसाल्याचे गोळे टेकवून ती दाबायची नाही. मधल्या पोकळीत पाणी साठतं, आणि पुढची बद्द टाइल तिथूनच सुरू होते.

काका: ठरलं तर मग असं. सुरुवात दाराच्या मागच्या भिंतीपासून. पहिल्या तीनपैकी दोन अखंड निघाल्या तर तुझ्या म्हणण्याप्रमाणे सगळी ओळ काढायची. तीनही फुटल्या तर तिथेच थांबायचं आणि मी मागच्या गल्लीत बिल्डरकडे जातो.

मी: मान्य. आणि बॉर्डरचा रंग?

काका: राखाडी. निळा नको. आणि बेचाळीसवर सहा जास्त घे, एकाच बॅचच्या. खोक्यावरचा नंबर कापून मला दे, मी सोसायटीच्या फाइलमध्ये लावून ठेवतो.